मागचे पाय लुळे पडलेल्या सशाची घरातली काळजी

प्रश्न थोडक्यात असा: साडेपाच वर्षांचा नर ससा, वजन 2 किलो. आठ दिवसांपूर्वी मागचे पाय फरफटत चालायला लागला, आता मागचा भाग उचलतच नाही. एक्स-रेत हाड मोडलेलं दिसलं नाही. एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली या परजीवीचा संशय धरून डॉक्टरांनी 28 दिवसांसाठी फेनबेंडाझोल हे परजीवीविरोधी औषध आणि सोबत मेलोक्सिकॅम हे सूज-वेदना कमी करणारं औषध सुरू केलंय. खातोय, पण बूड सतत ओलं असतं. सोबतीला एक सशी आहे. घरी नेमकं काय करायचं, चाकांची गाडी घ्यावी का, आणि किती दिवस वाट पाहायची?

गाडी तूर्त बाजूला ठेवा. मागचे पाय गेलेला ससा सहसा पायांमुळे दगावत नाही. मूत्राशय तुंबतं, बुडाची कातडी सोलवटते किंवा पोट बंद पडतं, त्याने तो जातो. या तीन गोष्टी सांभाळल्या तर पायांना सुधारायला वेळ मिळतो. म्हणून तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य म्हणजे ‘बूड सतत ओलं असतं’. आधी तेच घेऊ.

थेंब थेंब गळतंय म्हणजे लघवी होतेय, असं वाटणं साहजिक आहे. पण माठ काठोकाठ भरला की वरून सांडतो, तसं हे असू शकतं. मज्जातंतूंचा निरोप पोहोचत नाही, मूत्राशय आकुंचन पावत नाही, भरत जातं, आणि जास्तीचं तेवढं बाहेर झिरपतं. आत जुनी लघवी साठून राहते. सशाच्या बाबतीत हे जास्त वाईट, कारण त्याचं शरीर अन्नातलं कॅल्शियम भरपूर शोषून घेतं आणि नको असलेलं लघवीवाटे टाकतं. सशाची लघवी म्हणूनच मुळात गढूळ असते. ती हलली नाही की कॅल्शियमचा गाळ तळाशी बसतो, चुन्याच्या निवळीखाली चुना बसावा तसा, आणि काही दिवसांत त्याची टूथपेस्टसारखी घट्ट लापशी होते. ती आपसूक बाहेर पडत नाही.

मूत्राशय हाताने दाबून रिकामं करावं लागेल का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. लागणार असेल तर पहिल्यांदा त्यांच्यासमोर, त्यांचा हात तुमच्या हातावर ठेवून शिका. व्हिडिओ पाहून हे शिकायचं काम नाही, बोटांना ते जाणवावं लागतं. पद्धत अशी. जमिनीवर जाड टॉवेल पसरा, त्यावर शोषक पॅड. सशाला नेहमीच्या बसण्याच्या स्थितीत ठेवा, तोंड तुमच्यापासून दूर. पाठीवर उताणा करू नका. एक हात छातीखाली आधाराला. दुसऱ्या हाताचा अंगठा पोटाच्या एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, मागच्या पायांच्या किंचित पुढे. भरलेलं मूत्राशय पाण्याच्या फुग्यासारखं लागतं, 2 किलोच्या सशात साधारण लिंबाएवढं. आधी दाबायचं नाही. बोटांच्या सपाट भागाने ते हलकेच पाच-सहा वेळा झुलवा, म्हणजे तळाचा गाळ लघवीत मिसळतो. ही पायरी लोक गाळतात, आणि मग वरचं पातळ पाणी तेवढं निघून गाळ तिथेच राहतो. त्यानंतर दोन्ही बाजूंनी एकसारखा, हळूहळू वाढत जाणारा दाब शेपटीच्या दिशेने द्या आणि थांबा. पाच-दहा सेकंद काहीच होत नाही, मग धार सुटते. धार चालू असेपर्यंत दाब तसाच ठेवा. पिचकारीसारखं दाब-सोड, दाब-सोड करायचं नाही. बोटांची टोकं रुतवायची नाहीत.

बेताच्या दाबाला धार सुटली नाही तर जोर वाढवू नका. मार्गात खडा असू शकतो, किंवा मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू आवळून धरलेला असू शकतो. अशा वेळी जोर लावला तर मूत्राशय फाटतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. त्या स्नायूला सैल करणारी औषधं असतात. साधारण दर 8 ते 12 तासांनी, म्हणजे दिवसातून दोन-तीनदा हे करावं लागतं. पिवळी, नारिंगी, अगदी विटकरी लघवीही सशात निरोगी असू शकते, कारण पाल्यातली रंगद्रव्यं तशीच उतरतात. पण रक्ताच्या गुठळ्या, पांढरी घट्ट पेस्ट किंवा उग्र कुजका वास दिसला तर लघवीची तपासणी करून घ्या.

आता कातडी. सशाची कातडी कागदासारखी पातळ असते आणि पोटाखालची लव दाट, त्यामुळे एकदा ओली झाली की तासन्‌तास ओलीच राहते. लघवी मुरलेल्या लवेखाली दोन-तीन दिवसांत कातडी लाल होते, मग सोलवटते. तिथे माशी बसली तर अंडी घालते, आणि उष्ण हवेत ती 24 तासांच्या आत फुटून अळ्या मांस पोखरायला लागतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली, जांघेत आणि पोटाखाली लव बाजूला करून पाहायचं. वरवर नजर टाकणं म्हणजे पाहणं नव्हे. तांदळाच्या दाण्याच्या शेंड्याएवढी पिवळसर अंडी किंवा अळी दिसली तर तो तातडीचा रुग्ण आहे, उद्यावर ढकलू नका.

रोजची सफाई शक्यतो कोरडी करा. साधं कॉर्नस्टार्च लवेत चोळा, बारीक कंगव्याने हळूच सोडवा, उरलेलं झटका. टॅल्कम पावडर नको, ती फुप्फुसात जाते. फारच बरबटलं असेल तर पसरट टबमध्ये दोन-तीन सेंटीमीटर कोमट पाणी घेऊन फक्त मागचा भाग धुवा. पूर्ण अंघोळ कधीच नाही. सशाला घाबरून धक्का बसू शकतो आणि अंगाची ऊब पटकन जाते. धुण्यापेक्षा वाळवणं महत्त्वाचं. आधी टॉवेलने टिपा, घासू नका. मग ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर, आणि मध्ये तुमचा स्वतःचा हात. तुमच्या हाताला गरम लागलं की त्यालाही लागतं, फरक एवढाच की मागच्या भागात त्याला कदाचित जाणीवच नसेल आणि तो हलणार नाही. कातडीपर्यंत बोट घालून कोरडं लागेपर्यंत थांबा. ओलसर सशाला ‘होईल कोरडा’ म्हणून सोडून देणं ही नेहमीची चूक.

बुडाभोवतीची लव बारीक करून घेतली तर काम निम्मं होतं, पण कात्रीने नाही. कातडी कात्रीत सहज ओढली जाते आणि टराटर फाटते. क्लिपरने, कातडी ताणून धरून, जमत नसेल तर डॉक्टरांकडूनच. आणि टाचांची व तळपायाची लव अजिबात काढू नका. कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या सशाच्या पायाला नसतात, ती लव हीच त्याची गादी.

मलम लावताना तो चाटणार हे धरून चाला. बाळांच्या रॅशसाठीच्या झिंक ऑक्साइडच्या क्रीम नकोत, टी ट्री तेल नको. कातडी अखंड असेल तर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर, सोलवटली असेल तर डॉक्टर देतील तेच. डायपरबद्दल मत विचाराल तर मी ते प्रवासापुरतं ठेवीन. आत वाफ धरते, कातडी भिजते, आणि मऊ लेंड्या त्यातच चिरडल्या जातात. वापरलंच तर तीन-चार तासांत बदला.

डायपरपेक्षा अंथरूण नीट करा. सगळ्यात खाली पाणी न झिरपणारी शीट, त्यावर चार-पाच सेंटीमीटर जाड फोम, फोमला कव्हर, मग शोषक पॅड, आणि वर फ्लीस किंवा लोकरी पोताचं वेटबेड, म्हणजे पाळीव प्राण्यांसाठीचं खास अंथरूण. लघवी वरच्या थरातून खाली उतरते आणि वरचा पृष्ठभाग कोरडा राहतो. नवा फ्लीस दोन-तीनदा धुऊन मगच वापरा, आणि कापड मऊ करणारं कंडिशनर कधीही घालू नका. त्याचा थर धाग्यावर बसला की पाणी खाली जायचं सोडून वर मण्यांसारखं साचतं. लाकडाचा भुसा, वर्तमानपत्र, गुळगुळीत फरशी, हे तिन्ही बाद. भुसा ओल्या कातडीला चिकटतो आणि फरशीवर पुढचे पायही निसटतात.

ससा छातीवर बसलेला असावा, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावून टेकलेला. एका कुशीवर पडूनच राहत असेल तर दर तीन-चार तासांनी कूस बदला, रात्री एकदा तरी उठून. रोज बोटाने चाचपायच्या जागा: टाचा, खुब्याचं हाड, कोपर, छातीचं हाड. लव विरळ झाली, कातडी लाल दिसली की तिथला भार त्याच दिवशी कमी करायचा. जखम उघडी पडल्यावर भरायला आठवडे लागतात. पुढचे पंजेही पाहा, कारण सगळं शरीर आता तेच ओढताहेत.

पोटाचं गणित सशात निर्दयी आहे. आतडी सतत चालू राहावी लागतात. खाणं थांबलं की ती मंदावतात, वायू धरतो, दुखतं, दुखल्यामुळे खाणं आणखी थांबतं. 8 ते 12 तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर ती तातडीची वेळ, मग रात्रीचे दोन का वाजेनात. न हलणाऱ्या सशात आतडीही मंद चालतात, म्हणून सुकं गवत तोंडाच्या दोन्ही बाजूंना, मान न वळवता पोहोचेल असं, सतत भरलेलं हवं. टिमोथी किंवा तत्सम गवत चालेल. लसूणघास, म्हणजे अल्फाल्फा, नको, त्यात कॅल्शियम फार. पेलेट्स, म्हणजे सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्या, दिवसाला 30 ते 40 ग्रॅम पुरे. वजन उतरत असेल तरच डॉक्टरांना विचारून वाढवा. पाणी निप्पलच्या बाटलीत न ठेवता जड, बुटक्या वाडग्यात ठेवा, म्हणजे जास्त प्यायलं जातं. 2 किलोच्या सशाला दिवसाला साधारण 100 ते 200 मिलिलिटर पाणी लागतं. पालेभाजी पाणी निथळत द्या, तेवढीच पोटात भर.

मऊ लेंड्यांचा मुद्दा अनेकांना माहीत नसतो. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कोरड्या गोल, आणि द्राक्षाच्या बारीक घोसासारख्या चकचकीत, मऊ, उग्र वासाच्या. या दुसऱ्या, ज्यांना सीकोट्रोप म्हणतात, तो थेट गुदद्वारातून खातो. त्यातून त्याला बी गटातली जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. मागचा भाग हलत नसलेल्या सशाचं तोंड तिथवर पोहोचत नाही, आणि या मऊ लेंड्या बुडाला चिकटून बसतात. दिसल्या की न चिरडता उचला आणि त्याच्या तोंडासमोर धरा. बहुतेक ससे लगेच घेतात. किळस वाटली तर हातमोजा घाला, पण फेकू नका. रोजच ढिगाने उरत असतील तर पेलेट्स आणि फळं कमी करा, गवत वाढवा.

खाणं निम्म्यावर आलं तर सिरिंजने भरवावं लागेल. शाकाहारी प्राण्यांसाठीचं रिकव्हरी फूड कोमट पाण्यात कालवून, वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मिलिलिटर, म्हणजे तुमच्या सशाला एका वेळी 20 ते 30, दिवसातून चार-पाचदा. सिरिंज समोरच्या दातांमागच्या मोकळ्या जागेत बाजूने घाला, अर्धा ते एक मिलिलिटर सोडा, तो चावून गिळेपर्यंत थांबा. डोकं वर करून ओतलं तर अन्न श्वासनलिकेत जातं. आणि पोट ढोलकीसारखं ताठ लागत असेल, कान थंड असतील, तर भरवूच नका. आतडी अडलेली असू शकतात, आधी डॉक्टरांनी पाहायला हवं. सशाचं तापमान साधारण 38.5 ते 40 अंश सेल्सिअस असतं. ते 38 च्या खाली गेलं तर परिस्थिती गंभीर आहे.

औषधांत मापाच्या चुका फार होतात. फेनबेंडाझोलचा नेहमीचा डोस किलोला 20 मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या सशाला दिवसाला 40. 10 टक्के सस्पेन्शनच्या एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असतं, म्हणजे 0.4 मिलिलिटर. तेच 2.5 टक्क्यांचं असेल तर 1.6. दुसरी बाटली आणली आणि सिरिंजवरची जुनीच खूण वापरली की डोस चौपट किंवा पाव होतो. चौपट झाला तर अस्थिमज्जेवर परिणाम होऊ शकतो. योग्य डोसवरही काही सशांत तो होतो, म्हणून दोन आठवड्यांच्या आसपास रक्ताची तपासणी करून घ्या, मलूल किंवा फिकट वाटला तर त्याआधीच. मेलोक्सिकॅमही 0.5 आणि 1.5 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर अशा दोन तीव्रतांत येतं, बाटलीवर वाचा. सशाला कुत्र्यापेक्षा किलोमागे जास्त मेलोक्सिकॅम लागतं, त्यामुळे लेबलवरचा कुत्र्याचा डोस पाहून घाबरून स्वतः कमी करू नका. मात्र हा परजीवी मूत्रपिंडांनाही इजा करतो, म्हणून मूत्रपिंडांची तपासणी झाली आहे का हे विचारा, आणि पाणी पिणं कमी झालं तर डोस देण्याआधी फोन करा.

घरात उरलेलं अँटिबायोटिक तर मुळीच नको. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन तोंडावाटे गेलं की आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा काही दिवसांत दगावू शकतो. पिसवांसाठीचं फिप्रोनिलही सशाला विषारी. स्टिरॉइड देण्याबाबत ससे फार नाजूक असतात, कोणी सुचवलं तर का, हे विचारून घ्या.

निदानाबद्दल एक गोष्ट ध्यानात असू द्या. रक्तात या परजीवीविरुद्धची प्रतिपिंडं सापडणं म्हणजे कधीतरी संसर्ग झाला होता एवढंच. निरोगी सशांतही ती सापडतात. आणि एक्स-रेत हाड शाबूत असलं तरी मज्जारज्जूची सूज किंवा मणक्यांमधली सरकलेली चकती त्यात दिसत नाही. सशाच्या सांगाड्याचं वजन शरीराच्या 7-8 टक्केच असतं आणि मागच्या पायांचे स्नायू दांडगे, त्यामुळे हातात धरलेला असताना एक झटका मारला तरी कंबरेजवळचा मणका दुखावतो. आठ दिवसांपूर्वी असं काही घडलं असेल, तो घाबरून उसळला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तशी शंका असेल तोवर व्यायाम बंद, आणि सहा ते आठ आठवडे लहान, मऊ जागेत विश्रांती. उचलताना कायम एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली, पाठ त्याच्या नैसर्गिक बाकात. पाय लोंबू द्यायचे नाहीत.

मणक्याची शंका मिटली की रोज दोन-तीनदा पाय हलवून द्या. बोटं, टाच, गुडघा, खुबा, एकेक सांधा दहा वेळा, सायकल चालवल्यासारखं सावकाश. सशाचा पाय मुळात दुमडलेलाच असतो, तो पूर्ण सरळ ताणायचा नाही. टॉवेलची पट्टी पोटाखालून घेऊन मागचा भाग जमिनीपासून जेमतेम उचलून धरला, तर पंजे टेकवून दोन-तीन मिनिटं उभा राहू शकतो. मागचे पाय चालत नसल्यामुळे तो कान खाजवू शकत नाही, तेव्हा आठवड्यातून एकदा कानात मळ साठलाय का तेही बघा.

गाडी चार-सहा आठवड्यांनी, प्रकृती स्थिर असेल, पुढचे पाय बळकट असतील आणि मान वाकडी नसेल तरच. मापानुसार बनवलेली, सुरुवात पाच मिनिटांनी, पुढेही 15-20 मिनिटांच्या वर नाही, आणि नजरेआड कधीच नाही. बरेच ससे ती स्वीकारत नाहीत, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

सशीला शक्यतो सोबतच ठेवा. ती त्याचं तोंड-कान चाटून साफ ठेवते, आणि सोबत असली की तो खातो. चढायला किंवा चावायला लागली तर जाळीच्या पलीकडे, पण दिसेल अशी. ती बहुधा आधीच संपर्कात आलेली आहे. तिलाही औषध द्यायचं का हे डॉक्टर ठरवतील. या परजीवीचे बीजाणू लघवीतून पडतात आणि कोरड्या जागी काही आठवडे टिकतात, म्हणून भांडी उकळत्या पाण्याने, पृष्ठभाग 70 टक्के अल्कोहोलने किंवा पातळ ब्लीचने पुसा. ब्लीच वापरण्याआधी लघवी साध्या पाण्याने धुऊन काढा, नाहीतर दोन्ही मिळून घातक वायू तयार होतो. घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, केमोथेरपी चालू असेल, तर हे काम त्यांनी करू नये.

किती दिवस वाट पाहायची? रोज एकाच वेळी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये वजन लिहा. 100 ग्रॅम उतरले म्हणजे 5 टक्के गेले, डॉक्टरांना कळवा. पहिल्या दोन आठवड्यांत अपेक्षा एवढीच की बिघाड थांबावा. सुधारणा असेल तर ती चार ते आठ आठवड्यांत हळूहळू दिसते. बोट चिमटल्यावर पाय मागे घेतला म्हणजे जाणीव आहे असं समजू नका, ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. डोकं वळवून पाहणं, दचकणं, ही खरी जाणीव. ती अजिबात नसेल तर चालायला लागण्याची आशा कमी, पण चालता न येणारे काही ससे चांगली काळजी मिळाली की बराच काळ समाधानाने जगतात.

त्यामुळे पायांकडे पाहून निर्णय घेऊ नका. डोळे अर्धवट मिटलेले, गाल चपटे झालेले, कान मागे आवळलेले, दात मोठ्याने करकर वाजवणं, ही वेदनेची लक्षणं आहेत. ती दिसली तर आधी वेदनाशामक वाढवता येईल का ते विचारा. औषधं वाढवूनही तो तसाच राहिला, आपणहून खाईना, आवडती पानं पुढे केली तरी मान उचलेना, किंवा सोलवटलेली कातडी दोन आठवड्यांतही भरेना, तर डॉक्टरांशी इच्छामरणाबद्दल उघडपणे बोला. पुढच्या पायांतला जोर कमी व्हायला लागला किंवा श्वास जड झाला, तर त्याच दिवशी. आणि तो दिवस आला तर शेवटी सशीला थोडा वेळ त्याच्या शरीराजवळ राहू द्या. तिला पाहू-हुंगू दिलं नाही तर अनेकदा ती त्याला शोधत राहते आणि खाणं सोडते. मग 8 ते 12 तासांचा तो नियम तिलाही लागू होतो.